कोमट पाणी

"शैलाच्या मांडयेर पोर देव नको."

माईआत्यांनी हे सांगितलं तेव्हा मी तनूच्या झबल्याची नाडी बांधत होते. मला हसू आलं. माईआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. बाळंतपणानंतर मदतीला म्हणून राहायला आल्या होत्या आणि आल्यापासून रोज एक नवीन 'नको' सांगत होत्या. तिन्हीसांजेला केस विंचरू नको, दुधाचं भांडं उघडं ठेवू नको.

"का हो आत्या? दृष्ट लागते का शैलाकाकींची?"

"दृष्ट कसली लागता तिची! तिचो हात गुणाचो." त्यांनी अडकित्ता थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. "पोर परत मिळतलां गो. तू मिळाची नाय."

मी कऱ्हाडची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलेलं. असल्या गोष्टी मी कानाआड करायचे, आणि वर नवऱ्याला, हेरंबला, नक्कल करून दाखवायचे. हेरंब हसायचा, पण अर्धवट. ते अर्धवट हसू माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. मी तेव्हा सगळंच बघायचे. पहिलटकरीण होते ना. तनू झोपली की तिच्या नाकाशी बोट धरून बसायचे.

तिच्या श्वासाचीच मला धास्ती होती. शिरवेल बंदरात आमचा बर्फाचा कारखाना होता आणि घर कारखान्याच्या आवारातच होतं. बर्फ करायला अमोनिया लागतो. आमच्या नळ्या जुन्या होत्या, कुठेतरी बारीक झिरपायच्या. कामगारांना तो वास येईनासा झाला होता. मला यायचा. तनूची छाती वाजायला लागली तेव्हा कुडाळच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "राहता कुठे?" मी सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. "औषध देतो, पण घर बदला. हिची फुप्फुसं अजून तयार होतायत."

घर बदलायचं तर कारखाना नीट चालायला हवा होता. आणि आमचा कारखाना नीट चालत नव्हता, कारण तो चालवायचा नाही असं ठरलेलं होतं.

हे मला लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी समजलं. बंदरात बर्फाचे तीन कारखाने. आमचा मोंडकरांचा, दुसरा सोलकरभाईंचा, तिसरा आणि सगळ्यांत मोठा बाबलकाका तांडेलांचा. तिघांपैकी एक आळीपाळीने बंद असायचा. बर्फ कमी, म्हणून भाव चढा. होडीवाल्यांनी विचारलं तर सांगायचं, "मशीन विश्रांतीला आहे." बंद असलेल्याला बाकीचे दोघे त्याचा वाटा घरपोच करायचे. कुठे लिहिलेलं नाही, कुणाची सही नाही. एकच पद्धत होती. कारखाना विश्रांतीला गेला की कंप्रेसर फिरवणारे रबरी पट्टे उतरवायचे आणि दुसऱ्याच्या घरी नेऊन द्यायचे. पट्टे नाहीत तर यंत्र फिरत नाही, यंत्र फिरत नाही तर बर्फ होत नाही. आमचे पट्टे तांडेलांकडे जायचे. बाबलकाकांची बायको, शैलाकाकी, ते पडवीत खुंटीला लावायच्या आणि दसऱ्याला त्यांना हळदकुंकूही वाहायच्या.

ज्यांनी ही पद्धत घातली ते माझे सासरे वारले होते. पद्धत तशीच होती.

तनू सहा महिन्यांची झाली त्या श्रावणात चंद्रीमावशी कुबल आमच्या ओट्यावर येऊन बसली. चंद्रीमावशी म्हणजे नवऱ्यामागे स्वतःच्या होड्या चालवणारी बाई. बोलण्याआधी हसायची, आणि ते हसू जेटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जायचं.

"हेरंबा, तुझो कारखानो बंद. माझी मासळी कुजता. नुकसान दोघांचा. मगे फायदो कोणाचो रे?"

"मावशी, मशीन विश्रांतीला..."

"तुझी मशीन माझ्यापेक्षा जास्त निजता! मी म्हातारी झालंय तरी उभी आसंय." ती हसली. मग आवाज खाली आणला. तिला तो खाली आणता येतो हे मला तेव्हाच कळलं. "ऐक. लहान होडयेवाले सगळे माझ्या मागे आसत. बारमाही बर्फ दे. भाव तुझो, पण एकच धर. आमी दुसऱ्याच्या दारात जावचे नाय. तुझो कारखानो एक दिवस बंद रवाचो नाय."

हेरंबने कारखान्याकडे बघितलं.

"भियातंस?"

"काकांना काय सांगू?"

"सांग, माझ्या चेडवाक श्वास घेवक होयो." तिने तनूकडे बोट केलं. तिला कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. बंदरात लपत काही नाही.

त्या दिवशी हेरंब जेवला नाही. संध्याकाळी मीच विषय काढला. "मावशी चुकीचं काय बोलली?"

"चुकीचं नाही. तुला वालावलकरांचा कारखाना माहीत आहे? खाडीपलीकडे, पत्रे उडालेला?"

"त्याचं काय?"

"तो चौथा होता," एवढंच तो म्हणाला. पण आठवड्याने तो कोल्हापूरला गेला आणि गाडीच्या डिकीत तांदळाच्या पोत्याखाली नवे पट्टे घेऊन आला.

ठरलं ते असं. गणपतीत बंदरावर भजनं, ढोल, लाउडस्पीकर. यंत्राचा आवाज त्यात बुडून जाईल. विसर्जनाच्या आधी दोन दिवस यंत्र चालू करायचं. विसर्जनाच्या संध्याकाळपर्यंत बर्फाच्या लाद्या तयार होतील. त्याच वेळी चंद्रीमावशीच्या होड्या बांगडा घेऊन लागतील. बर्फ मारून मासळी ट्रकने सरळ कोल्हापूरला. एकदा माल भरून गेला की दुसऱ्या दिवशी हेरंब स्वतः काकांना जाऊन सांगणार होता, की आम्ही बाहेर पडलो. आधी करायचं, मग सांगायचं. आधी सांगितलं तर करू दिलं जाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एक अडचण होती. यंत्र चाललं की ते थंड ठेवणारं पाणी तापून बाहेर पडतं. आमचं पाणी मागच्या व्हाळात जायचं, आणि तो ओहोळ पुढे तांडेलांच्या मागीलदारातून वाहतो. हेरंबने पाइप वळवून पाणी आवारातल्या जुन्या विहिरीत सोडलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू विसर्जनाच्या दुपारी काकींकडे जाऊन बस. ढोलांचा तनूला त्रास होतो म्हण. काकींचा गुडघा दुखतो, त्या समुद्रावर जात नाहीत. काका मधेच घरी परतले तर मला मिस्ड कॉल दे. बाकी काही करायचं नाही. फक्त बसायचं."

फक्त बसायचं. मला वाटलं, हे तर मला जमतंच.

तांडेलांच्या पडवीत शिरले तेव्हा समोरच आमचे पट्टे दिसले. काळे, जाडजूड, खुंटीवर वेटोळं घालून. आतला गणपती नुकताच उठला होता, मखर रिकामं होतं, आणि घरभर धूप, केवडा, खोबऱ्याचा वास. बाहेर मिरवणूक वळणावर पोचली होती.

"ये गो बाय!" काकी उठता उठता गुडघ्यावर हात ठेवून थांबल्या. "आज सगळं घर ओस पडलं. बरं झालं आलीस. आण ती गुंडी इकडे."

मी तनूला जरा घट्ट धरलं. "आत्ताच झोपेतून उठलीय, काकी. कुरकुर करेल."

"माझ्याकडे? कुरकुर?" त्यांनी हात पसरले. पुढ्यात कुणी हात पसरून बसलेलं असताना पोर न देणं म्हणजे थोबाडीत देण्यासारखंच. मी दिलं. तनू त्यांच्या मांडीवर बसली आणि मंगळसूत्राची वाटी तोंडात घातली.

काकी मला लाडू वाढायला लागल्या. एका हाताने पोर, एका हाताने ताट. माझ्या माहेरची चौकशी केली. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का, भावाला नोकरी लागली का. सगळं त्यांच्या लक्षात होतं. मी उत्तरं देत होते आणि माझे कान समुद्राकडे होते. ढोल लांब गेले तर यंत्राचा आवाज ऐकू येईल. मी उगाच मोठ्याने बोलत होते.

"घसा बसलाय काय गो?"

"नाही, ढोल ना..."

"ढोल कधीचे गेले पुढे," काकी म्हणाल्या.

खरंच गेले होते. पण यंत्राचा आवाज येत नव्हता. वारा समुद्राकडे वाहत होता. मी हळूच श्वास सोडला.

तेवढ्यात तनूने ताटात पाय घातला. लाडू पायाखाली भुगा.

"आता गं बाई! चल, पाय धुऊया." काकी उठल्या. "तू खा. मी मागे नेते हिला."

"मी नेते ना, काकी, तुमचा गुडघा..."

"मेला गुडघा. पोर घेतलं की दुखत नाही."

मी मागोमाग गेलेच. मागीलदारी अळू, केळी, आणि पायरी उतरून व्हाळ. काकी पायरीवर बसल्या, तनूला काखेत धरून तिचे दोन्ही पाय त्यांनी पाण्यात सोडले.

तनू खिदळली. पाय आपटले. काकींनी स्वतःचा हातही पाण्यात घातला आणि तसाच ठेवला.

"रडली नाही बघ. एरवी गार पाण्याला रडते ना ही?"

"हो, आंघोळीला तर घर डोक्यावर..." म्हणत होते, आणि तिथेच थांबले.

विहीर भरली होती. भाद्रपदातल्या विहिरी काठोकाठ असतात, हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. हेरंबच्या डोक्यात दोन दिवस पट्टे, होड्या, काका एवढंच होतं. विहीर उतू जाऊन पाणी पुन्हा व्हाळात आलं होतं.

काकींनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या तनूच्या बोटांमधला लाडू काढत होत्या, एकेक कण, अगदी हळुवार.

"वालावलकरांची सून पण अशीच यायची," त्या म्हणाल्या. "लहान होती तुझ्यासारखी. त्यांनी बर्फ वेगळा विकायला काढला तेव्हा आम्ही काय केलं, ठाऊक आहे? काही नाही केलं. त्यांच्या फाटकासमोर ट्रक लावून बर्फ फुकट वाटला. दीड महिना. हेरंबचे वडील स्वतः ट्रकवर उभे असायचे. आणि मी रोज तिच्याकडे डबा न्यायची. तेव्हाही. पोराचं काय चुकलं?"

"काकी, तनूला द्या माझ्याकडे."

"थांब गो, एक पाय राहिलाय."

मला पुढे होऊन पोर ओढून घेता आलं असतं. पाण्याच्या कडेला शेवाळ होतं, काकींचा तोल त्या गुडघ्यावर, आणि तनू त्यांच्या हातात. मी जागची हलले नाही. काकींनी कमरेचा मोबाइल काढला, अंगठ्याने नंबर लावला, स्पीकर सुरू केला.

"हॅलो, काकी?" हेरंबचा आवाज. मागे यंत्राची धडधड. आता ती मला स्वच्छ ऐकू आली. काकींनाही.

"हेरंबा, बोल तुझ्या लेकीशी." त्यांनी फोन तनूच्या तोंडाशी धरला. तनू फोनला 'बाबाबा' म्हणाली. "व्हाळात खेळतेय रे. मज्जा चाललीय. पाणी छान कोमट आहे."

धडधड चालू होती. मला वाटलं, हा आता 'मग काय करायचं ते करा' म्हणेल. मला ते हवं होतं का नको होतं, मला अजूनही सांगता येत नाही. माझं लक्ष फक्त शेवाळावरच्या काकींच्या त्या एका टाचेकडे होतं.

"फार वेळ कोमट नको पण," काकी म्हणाल्या. "काका येतील आता समुद्रावरून. येऊन पाय धुतात ते इथे."

फोन बंद झाला.

मी पायरी उतरले, त्यांच्या शेजारी बसले आणि पाण्यात हात घातला. का घातला कळलं नाही. आम्ही दोघी तशाच बसलो होतो, मधे तनू. पाणी ऊबदार होतं, मग नुसतं कोमट, मग काहीच नाही, आणि मग बोटांच्या पेरांना गार लागायला लागलं. तनूने पाय वर ओढले आणि भोकाड पसरलं.

"घे," म्हणून काकींनी तिला माझ्याकडे दिलं. पदराने पाय पुसून दिले.

"काकांना सांगणार तुम्ही?"

"कशाला? यांना राग आवरत नाही. घरातल्या गोष्टी बायांनी घरात मिटवाव्या." त्या उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. तो हात गरम होता. "पट्टे बाजारात मिळतात, हे काय आम्हाला ठाऊक नाही? ते खुंटीला लावायचे म्हणून लावतो. भीती घालून माणूस चार दिवस राहतो गो. पोटच्यासारखा सांभाळला की नातवंडांपर्यंत राहतो."

मी तनूला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"कुणाचा बर्फ होता?"

मी तनूला थोपटत राहिले.

"नको सांगूस. एवढा बर्फ मागायची छाती बंदरात एकीचीच आहे." आणि पायरीवरून वळून म्हणाल्या, "तिला पहिलं 'नाही' तुमच्या फाटकातून जाऊ दे. म्हणजे यांना संशय यायचा नाही. तुमच्या भल्याचं सांगते."

दिवे लागणीला चंद्रीमावशीचा टेम्पो फाटकाशी आला. हेरंब बाहेर उभा. मी दाराच्या आत, तनूला खांद्यावर घेऊन. लाद्या अर्ध्याच झाल्या होत्या, वरून बर्फ आणि मधे पाणी.

"चल रे, उघड. बांगडो ढिगान गावलो आसा!"

"मावशी, कारखाना विश्रांतीला आहे."

ती हसली. तिला वाटलं, हेरंब मस्करी करतोय. मग तिने त्याच्या खांद्यावरून आत बघितलं, थांबलेल्या यंत्राकडे.

"अर्धो झालेलो तरी दी. मिठात घालून धाडतंय."

"नाही देता येत."

"कोण म्हणता?"

हेरंबने मान खाली घातली. मावशी फाटकाच्या गजांना धरून उभी होती. तिच्या मागे टेम्पोत खोकी, खोक्यांतून पाणी गळत होतं. तिने मला दारात बघितलं. मला वाटलं, आता शिव्या घालेल, तळतळाट देईल. मी तनूचं डोकं हाताने झाकलं.

"चेडवाची छाती कशी आसा गो?" तिने विचारलं.

"बरी आहे," मी म्हटलं.

"सांभाळ." आणि टेम्पोवाल्याला म्हणाली, "सोलकराकडे घे."

सोलकरभाईंनी दिला नाही. तांडेलांनी दिला नाही. दुसऱ्या दिवशी जेटीच्या मागे माडांखाली खड्डे खणून तो बांगडा पुरला. त्या हंगामात चंद्रीमावशीच्या होडीला बंदरात बर्फ मिळाला नाही. लहान होडीवाले एकेक करून तिच्यामागून निघून गेले. दोष कुणाला देणार, त्यांनाही मासळी विकायची होती. गुढीपाडव्याच्या आत तिच्या होड्या विकल्या गेल्या.

आणि आमचं काय झालं? आमचं भलं झालं. नवरात्रात शैलाकाकी स्वतः आल्या. "पोरीच्या छातीचं आधी का नाही सांगितलंस गो? आम्ही मेलो होतो का?" टेकडीवर तांडेलांचं एक घर रिकामं होतं. हवेशीर, कारखान्यापासून लांब. भाडं घेणार नाही म्हणाल्या, आणि घेतलं नाही. माझी ओटी भरली. तनूची छाती वर्षभरात स्वच्छ झाली. पुढच्या खेपेला तांडेलांचा कारखाना विश्रांतीला गेला, तेव्हा त्यांचे पट्टे आमच्या घरी आले. हेरंबने खुंटी ठोकली. मी हळद लावली.

तनू आता दुसरीत आहे. शाळा सुटली की ती आधी शैलाकाकींकडे जाते. मला ओरडून सांगते, "आई, आजीकडे चाललेय!" मी अडवत नाही. काय म्हणून अडवू? माईआत्यांनी मला आधीच सांगितलं होतं, आणि आता त्याही नाहीत.

चंद्रीमावशी वेंगुर्ल्याला गेली असं कळलं होतं. बाजारात सुकी मासळी घेऊन बसते, म्हणे. मधे आमच्याकडचा एक ड्रायव्हर सांगत होता, की ती फार खोकते. मागच्या महिन्यात तो दोनदा गेला तर तिची जागा रिकामी होती. शेजारच्या बाईने विचारल्यावर "येईल" एवढंच सांगितलं.

मला जाता येत नाही. मी वेंगुर्ल्याच्या गाडीत बसले तर ती गाडी पोचायच्या आत शिरवेलला कळेल मी कुणाकडे गेले. मग कुणी रागावणार नाही. काकी फक्त विचारतील, "काय गो, बरी आहे ना ती?"

म्हणून तुम्हाला सांगते. तुमचं कधी तिकडे जाणं झालं तर सुक्या मासळीच्या रांगेत चंद्रभागा कुबल म्हणून विचारा. उंच बाई आहे, बोलण्याआधी हसते. जागेवर नसेल तर शेजारणीला पत्ता विचारा, घरी जाऊन बघा. तिच्याजवळ कुणी आहे का, औषध घेते का, डॉक्टरला दाखवलंय का. माझं नाव सांगू नका. तिने विचारलं, की तुम्हाला कुणी पाठवलं, तर काहीही सांगा. पण एकदा जाऊन बघा.